सायबर गुन्हे : तक्रारीची वेळ आणि वाट

गेल्या दशकात भारतातील आर्थिक व्यवहारांचे स्वरूप झपाट्याने बदलले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीद्वारे २०२४-२५ या आर्थिक वर्षात १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. महानगरातील दुकानदारापासून आठवडी बाजारातील भाजीविक्रेत्यापर्यंत सर्वांनी ही प्रणाली आपलीशी केली. व्यवहाराचा खर्च घटला, रोकड बाळगण्याची जोखीम कमी झाली आणि बँकेच्या शाखेपासून दूर राहणारा नागरिकही अर्थव्यवस्थेच्या मुख्य प्रवाहाशी जोडला गेला. परंतु ज्या वाटेने प्रामाणिक माणसाचा पैसा क्षणात इच्छित स्थळी पोहोचतो, तीच वाट चोरालाही उपलब्ध असते.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये होती. २०२४ मध्ये ती सुमारे २२,८४५ कोटी रुपयांवर गेली. म्हणजे एका वर्षात हानी तिपटीहून अधिक झाली. ही रक्कम बहुतांशी कुटुंबांच्या बचतीतून गेलेली आहे. त्यात निवृत्तीचे पैसे आहेत, शिक्षणासाठी व लग्नकार्यासाठी साठवलेली पुंजी आहे.

या गुन्ह्यांपासून सावध कसे राहावे, याविषयी बरेच लिहिले जाते. गुन्हा घडून गेल्यावर पीडिताने काय करावे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. वास्तविक सायबर आर्थिक गुन्ह्यात पैसा पुढे नेणारा गुन्हेगार आणि तो अडवू पाहणारी यंत्रणा यांच्यात शर्यत लागलेली असते, आणि यंत्रणेची धाव पीडिताच्या तक्रारीपासूनच सुरू होते. म्हणून तक्रारीची वेळ आणि तिची वाट या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

गुन्ह्याचे बदलते स्वरूप

सायबर गुन्हा म्हणजे संगणक, मोबाइल किंवा संगणकीय जाळे यांना लक्ष्य करून अथवा त्यांचे साधन वापरून केलेला गुन्हा. संगणकात अनधिकृत प्रवेश, माहितीची चोरी, संगणक बंद पाडून खंडणी मागणे हे पहिल्या प्रकारात येतात. फसवणूक, तोतयेगिरी, बदनामी, अश्लील मजकुराचा प्रसार, ऑनलाइन पाठलाग हे दुसऱ्या प्रकारात मोडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार देशात २०२२ मध्ये ६५,८९३ सायबर गुन्हे नोंदले गेले. २०२३ मध्ये ही संख्या ८६,४२० झाली. यांपैकी सुमारे दोनतृतीयांश गुन्ह्यांमागे आर्थिक फसवणूक हाच हेतू होता.

फसवणुकीचे प्रकार अनेक असले, तरी त्यांच्या मुळाशी मानवी भावना मोजक्याच असतात. ‘तुमची वीज आज रात्री तोडली जाईल’ या संदेशामागे भीती असते. ‘घरबसल्या काम, रोज हजारो रुपये’ किंवा ‘शेअर बाजारात दुप्पट परतावा’ यांमागे लोभ असतो. तथाकथित ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये पोलीस किंवा तपास संस्थेचे अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला तासन् तास, कधी कित्येक दिवस, धाकात ठेवले जाते. भारतीय कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये याविषयी जनतेला सावध केले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी त्यांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्याचे आदेश दिले.

हे गुन्हे आता एकट्यादुकट्याचे राहिलेले नाहीत. झारखंडमधील जामतारा, हरियाना व राजस्थानातील मेवात परिसर ही नावे यापूर्वीच चर्चेत आली होती. अलीकडे आग्नेय आशियातील कंबोडिया, म्यानमार व लाओस येथील फसवणूक केंद्रांतून भारतीयांना लक्ष्य केले जाते. नोकरीच्या आमिषाने तेथे नेलेले भारतीय तरुणच तेथे राबविले जातात, हे त्यातील आणखी एक दुःखद वास्तव. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधून सुटका झालेल्या अशा शेकडो भारतीयांना थायलंडमार्गे मायदेशी आणण्यात आले.

पैसा जातो कोठे?

तक्रारीत वेळ एवढी मोलाची का, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला सकाळी दहा वाजता फोन येतो. बँकेची केवायसी अद्ययावत न केल्यास खाते बंद होईल, असे सांगून तिच्या मोबाइलवर एक फाइल पाठविली जाते. ती फाइल उघडताच मोबाइलवर येणारे संदेश परस्पर गुन्हेगाराकडे जाऊ लागतात. सव्वादहा वाजता तिच्या खात्यातून दोन लाख रुपये जातात.

हे पैसे थेट गुन्हेगाराच्या स्वतःच्या खात्यात जात नाहीत. ते प्रथम एखाद्या भाडोत्री खात्यात पडतात. थोड्या मोबदल्यासाठी आपले खाते, पासबुक व सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती देणारे विद्यार्थी, मजूर किंवा बेरोजगार हे अशा खात्यांचे नाममात्र धनी असतात. तेथून रक्कम फोडून अन्य चार-पाच खात्यांत, त्यांतून आणखी पुढे पाठविली जाते. शेवटी ती एटीएममधून रोखीने निघते, आभासी चलनात रूपांतरित होते किंवा एखाद्या खरेदीत खर्ची पडते. पैसा बँकिंग व्यवस्थेच्या आत असेपर्यंत तो रोखता येतो. बाहेर पडला की तो परत मिळविणे अत्यंत कठीण होते.

आता या शिक्षिकेने साडेदहाला तक्रार केली, तर रक्कम पहिल्या किंवा दुसऱ्या खात्यातच अडकण्याची शक्यता बरीच असते. ‘मुलगा संध्याकाळी घरी आला की त्याला विचारू’ असे म्हणून ती थांबली, तर रात्रीपर्यंत त्या खात्यांत काही उरलेले नसते. पोलीस यंत्रणा आरंभीच्या या अवधीला ‘सुवर्ण तास’ म्हणते, ते याच कारणाने.

तक्रार कोठे व कशी करावी?

पोलीस व सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत. सायबर गुन्हा मात्र राज्याची सीमा मानत नाही. पीडित महाराष्ट्रात, पहिले खाते आसामात आणि एटीएम बिहारमध्ये, असे सहज घडते. ही अडचण लक्षात घेऊन केंद्रीय गृहमंत्रालयाने भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची उभारणी केली. जानेवारी २०२० मध्ये या केंद्राचे व राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलचे उद्घाटन झाले. २०२१ मध्ये आर्थिक फसवणुकीची तत्काळ नोंद घेणारी प्रणाली सुरू झाली. तिची हेल्पलाइन प्रारंभी १५५२६० या क्रमांकावर होती. नंतर १९३० हा सोपा क्रमांक देण्यात आला.

आर्थिक फसवणूक झाल्याचे लक्षात येताच पुढील क्रमाने पावले उचलावीत.

१. १९३० या क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनी करावा. नाव, मोबाइल क्रमांक, बँक व खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख व वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक एवढी माहिती हाताशी ठेवावी. संदर्भ क्रमांक बँकेच्या संदेशात किंवा यूपीआय अ‍ॅपच्या व्यवहार नोंदीत सापडतो.

२. लगेच आपल्या बँकेला कळवून खाते, कार्ड व यूपीआय सेवा थांबवावी. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागील बाजूवरून किंवा पासबुकावरून घ्यावा. महाजालावर शोधून सापडलेला क्रमांक गुन्हेगारांनीच पेरलेला असू शकतो.

३. हेल्पलाइनवर नोंद झाल्यावर पोचक्रमांक मिळतो. त्यानंतर चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रारीचा सविस्तर तपशील भरून ती पूर्ण करावी. बरेच पीडित दूरध्वनी करून थांबतात आणि तक्रार अर्धवट राहते.

४. दूरध्वनी लागत नसेल तर वाट पाहत बसू नये. थेट पोर्टलवर तक्रार भरावी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.

हेल्पलाइनवर नोंद होताच ती माहिती पैसा ज्या बँकेत गेला तिच्याकडे संगणकीय प्रणालीतून पाठविली जाते. पैसा तेथेच असेल तर ती बँक तो गोठविते. पुढे गेला असेल तर पुढील बँकेला तशी सूचना जाते. सरकारने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, या व्यवस्थेमुळे तोपर्यंत १७.८२ लाख तक्रारींमध्ये ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम वाचविता आली. एकूण हानीच्या तुलनेत हा वाटा लहान आहे. परंतु तक्रारी जितक्या लवकर येतील, तितका तो वाढू शकतो.

आर्थिक गुन्ह्यांखेरीज अन्य सायबर गुन्ह्यांची तक्रारही याच पोर्टलवर करता येते. महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी तेथे स्वतंत्र विभाग असून त्यात नाव न देताही माहिती कळविण्याची सोय आहे. खासगी छायाचित्रे प्रसृत करण्याची धमकी देऊन पैसे मागितले गेल्यास ते देऊ नयेत. एकदा दिलेला पैसा पुढच्या मागणीला निमंत्रण ठरतो. अशी छायाचित्रे समाजमाध्यमावर आली असल्यास संबंधित कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडेही मागणी करावी. माहिती तंत्रज्ञानविषयक २०२१ च्या नियमांनी ती ठरावीक तासांच्या आत काढून टाकण्याचे बंधन कंपन्यांवर घातले आहे. बालकांच्या बाबतीत १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते.

पुरावा जपणे

फसवणूक झालेला माणूस संतापाने किंवा लाजेने प्रथम सर्व संदेश पुसून टाकतो. येथे पुराव्याची मोठी हानी होते. संदेश, संभाषण, कॉलची नोंद, पाठविलेला दुवा, समोरच्याचा क्रमांक व यूपीआय पत्ता यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. बँकेचे विवरणपत्र घ्यावे. संशयास्पद फाइल उघडली असल्यास मोबाइलचे इंटरनेट बंद करावे आणि दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून सर्व परवलीचे शब्द बदलावेत. पोलिसांना दाखविण्यापूर्वी मोबाइल कोरा करू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ उपकरण सुरक्षित असले, तर हे काम सुकर होते.

कायद्याची चौकट

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला आणि २००८ मध्ये त्यात व्यापक सुधारणा झाल्या. त्यातील कलम ६६-सी अन्वये दुसऱ्याची डिजिटल ओळख किंवा पासवर्ड चोरून वापरणे आणि कलम ६६-डी अन्वये संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसविणे, हे तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमेही अशा प्रकरणांत लागू होतात. संघटित गुन्हेगारीविषयीच्या कलम १११ मध्ये सायबर गुन्ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

पीडिताच्या दृष्टीने १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता महत्त्वाची आहे. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ या कारणास्तव ती नाकारता येत नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रथम माहिती अहवालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. तीन ते सात वर्षांच्या आतील शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी आणि तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत पीडिताला कळविणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे.

फौजदारी मार्गाखेरीज नुकसानभरपाईचा एक कमी परिचित मार्गही आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ नुसार प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यासमोर दाखल करता येतात. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय करणाऱ्या संस्थेविरुद्धही येथे दाद मागता येते.

बँकेची जबाबदारी

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाच्या दायित्वाची चौकट आखून दिली. बँकेच्या त्रुटीमुळे पैसे गेले असतील तर ग्राहकाचे दायित्व शून्य धरण्यात आले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रसंगी तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळविल्यास दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास ते मर्यादित. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार, अशी ही रचना होती. कळविल्यापासून दहा कामकाजी दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे आणि नव्वद दिवसांत तक्रार निकाली काढणे, हेही बँकांवर बंधनकारक करण्यात आले. हे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून तक्रार करताना बँकेचे चालू धोरण मागून घ्यावे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे समजून घेतली पाहिजे. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वीची हानी या चौकटीत त्याच्याच माथी येते. कळविल्यानंतरची हानी मात्र बँकेची. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकेने फसव्या फाइलला बळी पडणे ही तिची हयगय मानायची की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु तिने साडेदहाला बँकेला कळविले असेल, तर अकरा वाजता गेलेल्या पैशांबद्दल तिच्याकडे बोट दाखविता येणार नाही. म्हणून चूक आपली असली तरीही विनाविलंब कळविण्यात ग्राहकाचेच हित आहे. कळविल्याची तारीख व वेळ दर्शविणारी पोच अवश्य जपावी. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क दाद मागता येते.

तक्रार आणि न्याय यांतील अंतर

या व्यवस्थेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. २०२३ मध्ये राष्ट्रीय पोर्टलवर सुमारे १६ लाख तक्रारी आल्या, तर त्याच वर्षी नोंदले गेलेले सायबर गुन्हे ८६,४२० होते. अनेक तक्रारी एकाच गुन्ह्यात समाविष्ट होऊ शकतात, हे गृहीत धरले तरी ही तफावत मोठी आहे. पोर्टलवरील तक्रार म्हणजे प्रथम माहिती अहवाल नव्हे, हे पीडिताने ध्यानात घ्यावे आणि पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात पाठपुरावा करावा. मे २०२५ मध्ये दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेल्या ‘ई-झीरो एफआयआर’ उपक्रमात दहा लाख रुपयांहून अधिक हानीच्या तक्रारी आपोआप प्रथम माहिती अहवालात रूपांतरित करण्याची सोय करण्यात आली. लहान रकमा गमावणाऱ्यांची हानी आकड्याने कमी असली, तरी उत्पन्नाच्या प्रमाणात ती अनेकदा अधिक असते. अशा सुविधांचा विस्तार त्यांच्यापर्यंत होणे न्याय्य ठरेल.

गोठविलेली रक्कम पीडिताच्या हाती परत येणे हा पुढचा टप्पा आहे. त्यासाठी सर्वसाधारणपणे न्यायालयाचा आदेश घ्यावा लागतो. अनेक ठिकाणी लोकअदालतींच्या माध्यमातूनही रकमा परत करण्यात आल्या आहेत. आपली किती रक्कम कोणत्या बँकेत गोठविली आहे, हे तपास अधिकाऱ्याकडून समजून घेऊन अर्ज करावा. ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ असे सांगून शुल्क मागणारा माणूस हा बहुधा दुसरा ठगच असतो.

दुसरी बाजूही आहे. फसवणुकीचा पैसा एखाद्या निष्पाप दुकानदाराकडे मालाची किंमत म्हणून आला, तर त्याचेही खाते गोठविले जाते आणि त्याचा धंदा ठप्प होतो. अशा वेळी संपूर्ण खाते बंद करण्याऐवजी वादग्रस्त रक्कमच रोखणे आणि खातेदाराचे म्हणणे त्वरेने ऐकणे आवश्यक आहे. अन्यथा लहान व्यापारी पुन्हा रोखीकडे वळेल. तसे झाल्यास एवढ्या प्रयासाने उभारलेल्या प्रणालीवरील विश्वासच ओसरेल.

समारोप

अर्थशास्त्राच्या दृष्टीने विश्वास ही एक सार्वजनिक संपत्ती आहे. तिचा लाभ सर्वांना मिळतो आणि तिची हानीही सर्वांना सोसावी लागते. न नोंदविलेला प्रत्येक सायबर गुन्हा गुन्हेगाराचा धोका कमी करतो आणि त्याच्या पुढच्या सावजाची किंमत वाढवितो. उलट एका तक्रारीतून उघड झालेले भाडोत्री खाते बंद पडले, तर इतर अनेकांचे पैसे वाचतात. संशयित खात्यांची राष्ट्रीय नोंदवही सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचा आधारही नागरिकांच्या तक्रारीच आहेत.

तक्रारीच्या मार्गातील सर्वांत मोठा अडसर तांत्रिक नसून मानसिक आहे. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न घरीदारी विचारला जाईल, या भीतीने अनेक जण गप्प राहतात. फसविणारे लोक या कामात तरबेज असून त्यांच्या जाळ्यात अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर असे सर्वच थरांतील लोक सापडलेले आहेत. घरफोडी झालेल्या माणसाला आपण दोष देत नाही, मग या पीडिताला का द्यावा? ग्रामसभा, बचत गट, शाळा-महाविद्यालये व ज्येष्ठ नागरिक संघ यांनी सावधगिरीच्या सूचनांबरोबरच तक्रारीची ही वाटही लोकांपर्यंत पोहोचविली पाहिजे. १९३० हा क्रमांक प्रत्येक घरात दिसेल अशा जागी लिहिलेला असावा, आणि तो फिरविणाऱ्याला ‘आधी तक्रार करू, बाकीचे नंतर बोलू’ एवढे सांगणारे माणूस त्या घरात असावे.